वारसाचा कागद कोण करणार?

मयत खातेदारांची नावे सातबाऱ्यावरून कमी करून जिवंत वारसांची नावे लावण्यासाठी राज्य सरकारने १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवली. गावोगाव मयतांच्या याद्या झाल्या, तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, कागद गोळा झाले, फेरफार धरले गेले. मोहीम चांगली होती. आजोबाच्या नावावरची जमीन नातवाच्या नावावर यावी, यात वाईट काय? पण वारस म्हणजे नेमके कोण? लग्न होऊन गेलेली मुलगी वारस आहे की नाही? मुंबईला गेलेल्या भावाच्या विधवेचे नाव लागते की नाही? हे प्रश्न तलाठ्याच्या दप्तरात सुटत नाहीत. हे कायद्याचे प्रश्न आहेत आणि कायद्याचे काम वकिलाचे आहे.

म्हणून आमचा सवाल असा आहे की, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत वारसाहक्क, मृत्युपत्र आणि ट्रस्ट यांचा कायदा आजच्या तारखेपर्यंत वाचलेला वकील आमच्या माणसाला हाताशी मिळतो का? मिळत नसेल, तर तो तयार करण्याची जबाबदारी कोणाची? हा सवाल कोणा एका वकिलावर रोष म्हणून आम्ही विचारत नाही. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयांत काळा कोट घालून उभी राहणारी आमची मुले पहिल्या पिढीतली वकील आहेत. घरात कायद्याचे पुस्तक नव्हते, बापाची वकिली नव्हती, ज्येष्ठांच्या ऑफिसात बसायला जागाही सहज मिळाली नाही. ती उभी राहिली, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण पदवीनंतर त्यांना शिकवणारे कोणी नाही, हे दुखणे आहे आणि त्याची किंमत पक्षकार मोजतो.

'इस्टेट' हा शब्द ऐकला की आपला माणूस हसतो. इस्टेट म्हणजे शेठजींची, बंगलेवाल्यांची. आपल्याकडे काय आहे? असे म्हणणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावे. गावात वतनाची दीड-दोन एकर जमीन आहे. बौद्धवाड्यात घर आहे. घाटकोपरला किंवा चेंबूरला झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली खोली आहे. महापालिकेच्या नोकरीतला भविष्यनिर्वाह निधी आहे. विम्याची पॉलिसी आहे, पतसंस्थेत ठेव आहे. धरणात जमीन गेली असेल तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे. यालाच कायद्यात संपत्ती म्हणतात. शेठजींच्या दहा मिळकतींपैकी एक वादात अडकली तर नऊ उरतात. आमच्या माणसाची एकच असते. ती गेली की सगळेच गेले. म्हणून वारसाहक्काच्या कायद्याची गरज श्रीमंताहून गरिबाला अधिक आहे.

महार वतनाचेच पाहा. १८७४ च्या वतन कायद्याने आमच्या पूर्वजांना गावाच्या गुलामीला बांधले. ते दावे तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने नष्ट झाली. १ ऑगस्ट १९५९ पासून ती सेवा संपली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा बहाल करण्याची तरतूद झाली. पण त्या दिल्या नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि सरस-निरस वाटणी करून वेगळ्याही काढता येत नाहीत. आता या शर्तीचा वारसांवर काय परिणाम होतो ते बघा.

समजा, एका वतनदाराला तीन मुलगे. बाप गेला तेव्हा थोरला गावात होता. धाकटे दोघे मुंबईत गिरणीत. तलाठ्याने सातबाऱ्यावर थोरल्याचे नाव 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून लावले. त्यात गैर काही नव्हते, कारण कर्ता म्हणजे सगळ्यांच्या वतीने एक. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. धाकट्या दोघांची मुले मुंबईतच वाढली. थोरला गेल्यावर त्याच्या मुलांनी वारस नोंद केली आणि त्या फेरफारात धाकट्यांच्या शाखेचे नावच आले नाही. 'कर्ता' हा शब्दही पुढच्या उताऱ्यातून गळाला. पुढे पुणे-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणासारखे काही काम निघते, भूसंपादनाची नोटीस येते, मोबदला थोरल्याच्या घरात जातो आणि मुंबईचे चुलतभाऊ गावात भांडायला येतात. ज्या घरातून एके काळी एकच पंगत उठायची, तिथे पोलीस ठाण्यात तक्रारी होतात. हे सगळे एका शब्दाच्या गळण्यामुळे होते. जुना फेरफार काढून तो शब्द दाखवणारा वकील पहिल्या दिवशी भेटला असता, तर भांडण झालेच नसते.

फेरफार म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ती महसुलासाठी केलेली नोंद आहे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरीही एकदा सातबाऱ्यावरून नाव गेले की हक्क गेला, असे समजून आमची माणसे घरी बसतात. दुसरीकडे, कोणीतरी एक जण सगळ्या वारसांचे कुलमुखत्यारपत्र घेतो आणि सौदा करून मोकळा होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार महाराष्ट्रभर गाजला. तिथेही मूळ वतनदारांच्या वारसांच्या वतीने कुलमुखत्यारपत्र पुढे आले होते. त्या प्रकरणातल्या दोषाचा निवाडा चौकशी आणि न्यायालय करील. आमचा मुद्दा वेगळा आहे. अशा कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी प्रत्येक वारसाला बसवून त्याचा अर्थ सांगणारा वकील गावपातळीवर असला पाहिजे.

कायदा एका जागी थांबत नाही, हेही लक्षात घ्यावे. मुलीच्या हक्काचेच घ्या. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. स्वतंत्र बौद्ध कायद्याची मागणी चळवळीत जुनी आहे, पण आज न्यायालयात चालतो तो हाच कायदा. हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर तुकड्या-तुकड्यांनी जे मंजूर झाले, त्यातला हा एक तुकडा. त्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क नव्हता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना दिला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या तारखेला बाप जिवंत असला पाहिजे. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने ते मत बाजूला सारले आणि बाप आधी वारला असला तरी मुलीचा हक्क कायम, असा निर्णय दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीने झालेल्या वाटपाला हात लागत नाही. आता सांगा, ज्या वकिलाने १९९८ साली पदवी घेतली आणि नंतर हे वाचले नाही, तो २०१५ च्या निकालावर बोट ठेवून एखाद्या बहिणीला "ताई, तुमचा हक्क बसत नाही" असे सांगून परत पाठवणार नाही कशावरून? ती बहीण पुन्हा कधी न्यायालयाची पायरी चढेल का?

हीच गोष्ट मृत्युपत्राची. मृत्युपत्र साध्या कागदावर होते. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण दोन साक्षीदार लागतात, आणि करणाऱ्याने त्यांच्यासमोर सही केलेली किंवा आपली सही कबूल केलेली असावी लागते. पुढे वाद झाला तर त्यातला किमान एक साक्षीदार, हयात असेल तर, न्यायालयात उभा करावा लागतो. म्हणून साक्षीदार वयाने लहान आणि विश्वासू निवडावा, एवढी साधी गोष्टही अनेक मृत्युपत्रांत पाळलेली नसते. जुना पुरावा कायदा गेला, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, कलमांचे आकडे बदलले. मुंबई शहरातील मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेण्याची जी सक्ती होती, ती २०२५ च्या अखेरीस संसदेने काढून टाकली. जुन्नर-आंबेगावची निम्मी घरे मुंबईला जोडलेली आहेत. तिथल्या खोलीसाठी आजही कोणी प्रोबेटच्या नावाने पैसे मागत असेल, तर त्याला अडवणार कोण?

बँकेत ठेव आहे, पण नॉमिनी एकाच मुलाचा लावला आहे. तो म्हणतो, पैसे माझे. ठेवीच्या बाबतीत नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, त्यामुळे इतर वारसांचा वाटा बुडत नाही. पण विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि आई-बाप, नवरा-बायको, मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर नियम वेगळा झाला. ठेवीसाठी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. जमिनीसाठी तेच प्रमाणपत्र उपयोगाचे नाही. तिथे १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला वेगळा असतो. चुकीचा अर्ज केला की वर्ष-दोन वर्षे जातात, फी जाते आणि विधवा बाई बँकेच्या खिडकीवरून परत येते.

एकट्या राहणाऱ्या स्त्रियांविषयी तर मुद्दाम लिहिले पाहिजे. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका म्हणून आयुष्यभर राबून स्वतःच्या पैशाने घर घेणाऱ्या कितीतरी भगिनी आमच्यात आहेत. अशा स्त्रीला नवरा नाही, मूल नाही आणि मृत्युपत्रही नाही, तर तिच्या कमाईवर पहिला हक्क तिच्या आई-बापाचा येत नाही, नवऱ्याच्या वारसांचा येतो. ज्या सासरने तिला हाकलून दिले, ते सासर तिच्या घराचे मालक होते. १९५६ च्या कायद्याचे कलम १५ तसे सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले, ते याच कारणाने. बौद्ध मुलीने मुस्लिम किंवा ख्रिश्चन तरुणाशी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले, तर तिच्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. आंतरधर्मीय विवाहाचे स्वागत करणाऱ्या चळवळीने हे त्या जोडप्याला लग्नाच्या दिवशीच सांगितले पाहिजे.

आता जरा पश्चिमेकडे चला. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधव राहतात. तिथली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्यांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागूच नाही. त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये तसे लिहिले आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. तरीही आदिवासी वारसाचा दावा मांडताना सवयीने हिंदू कायद्याची कलमे टाकली, तर उत्तर आधीच चुकते. मग तिथे मुलीला काय मिळते? १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्त्रीला वाटा नाही अशी रूढी सिद्ध झाल्याशिवाय तिला आणि तिच्या मुलांना डावलता येणार नाही. हा निकाल आहुपे खोऱ्यातल्या एखाद्या बहिणीचे आयुष्य बदलू शकतो. पण त्यासाठी घोडेगावच्या तिच्या वकिलाने तो वाचलेला असला पाहिजे.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली मिळालेला हक्क विकता येत नाही, पण वारसाला जातो आणि विवाहित असतील तर पती-पत्नी दोघांच्या नावावर लागतो. डिंभे धरणात मूळ आंबेगाव गाव बुडाले. ज्याच्या नावाने तालुका आहे ते गावच पाण्याखाली गेले. ज्यांचे घर-शेत गेले त्यांच्या नातवंडांना प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी वारसाचा कागद लागतो. माळीणची आठवण कोण विसरेल? ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि १५१ माणसे गाडली गेली. एकाच घरातली सगळी माणसे एका क्षणी गेली, तर आधी कोण वारले हे कसे ठरवायचे? हिंदू उत्तराधिकार कायद्यात यासाठी कलम आहे. धाकटा थोरल्याच्या नंतर वारला, असे धरायचे. पण तो कायदा आदिवासींना लागू नाही. मग पुरावा आणि रूढी यांवर भिस्त. अशा वेळी मदत, ठेव, जमीन यांवर हक्क सांगणाऱ्या दूरच्या नातेवाईकाला तयारीचा वकील नसेल, तर तो काय करील? डोंगरकपारीत राहणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

आता ट्रस्टचा विषय. गावोगावी विहारे उभी राहिली. वर्गणी काढून, श्रमदान करून, पोटाला चिमटा घेऊन लोकांनी ती बांधली. पण कितीतरी ठिकाणी विहाराची जागा आजही एखाद्या दात्याच्या वैयक्तिक नावावर असते. त्याने शब्द दिला, लोकांनी विश्वास ठेवला. पण जमिनीचे दान तोंडी होत नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते. दाता गेला की त्याच्या मुलांची वारस नोंद होते आणि विहार त्यांच्या सातबाऱ्यात येते. मुलगा चांगला निघाला तर ठीक. नाहीतर बुद्धाची मूर्ती कोर्टकचेरीत अडकते. जिथे ट्रस्ट नोंदवलेला आहे तिथे दुसरी गोष्ट. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी हिशेब ठेवावा लागतो, जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. मूळचे पाच विश्वस्त वारले, नोंद कोणाचीच बदलली नाही आणि मग दोन गट उभे राहून प्रत्येक जण म्हणतो, आम्हीच खरे. कायद्याच्या दृष्टीने तेव्हा कोणीच खरे नसते.

याची सगळ्यात मोठी जखम आपण दादरला पाहिली. २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवन पाडले गेले. बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना जिथे होता ती वास्तू जमीनदोस्त झाली. पाडणाऱ्यांनी ट्रस्टच्या अधिकाराचा दाखला दिला, विरोध करणाऱ्यांनी तो अधिकारच नाकारला. त्या वर्षी १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चाची ताकद आम्ही कमी लेखत नाही. पण विश्वस्त कोण, त्यांचे अधिकार किती, हे कागदावर वेळीच स्वच्छ असते, तर ती रात्र आलीच नसती.

आणखी एक उदाहरण आहे, ते मनाला अधिक लागते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते आधी दिल्ली उच्च न्यायालयाच्या कस्टोडियनच्या आणि मग महाराष्ट्राच्या अॅडमिनिस्ट्रेटर जनरलच्या ताब्यात पेट्यांमध्ये होती. शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला तो १९७९ साली. मधली दोन दशके एका महापुरुषाचे विचार कुलपात राहिले. ज्या समाजाचा सगळ्यात मोठा ठेवा असा पेटीत अडकला, त्याने तरी वारसा आणि विश्वस्त या दोन शब्दांकडे कानाडोळा करू नये.

गंमत अशी की ही विद्या आपल्याच मातीतली आहे. जुन्नरभोवती तुळजा, मनमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री इथे बौद्ध लेण्यांचे मोठे समूह आहेत. त्यांतले शिलालेख काय सांगतात? धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. एका शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने जमीन दिली. कोणी वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे रक्कम ठेवली, कोणी कासारांच्या. नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख तर आजच्या ट्रस्ट-डीडला लाजवील. तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव. त्यातले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून वीस भिक्खूंना चीवर द्यायचे. दाता कोण, दान काय, सांभाळणार कोण, खर्च कशावर, सगळे दगडात कोरलेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपासकाला जे कळत होते, ते आजच्या विहार समितीला कळत नसेल, तर दोष समितीचा नाही. तिला सांगणारा जाणकार गावात आलाच नाही.

तो जाणकार यावा कसा? डॉक्टरला महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत ३० तासांचे शिक्षण दाखवावे लागते. चार्टर्ड अकाउंटंटला सतत शिक्षणाचे तास पुरे करावे लागतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वकिलाला सनद चालू ठेवायची तर ठरावीक तासांचे शिक्षण सक्तीचे आहे, आणि मृत्युपत्र, मिळकतीचे नियोजन, ट्रस्ट यांचे वर्ग तिथे बारा महिने चालतात. आमच्याकडे वकिलाने एकदा सनद घेतली, २०१० पासून आलेली अखिल भारतीय परीक्षा एकदा पास केली की पुढची चाळीस वर्षे त्याला कोणी विचारत नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ६ मध्ये परिसंवाद आणि व्याख्याने भरवणे हे राज्य बार कौन्सिलचे काम म्हणून लिहिलेले आहे. परिसंवाद होतात, नाही असे नाही. पण त्यांचा ओढा मोठ्या शहरांकडे आणि भाषा बहुधा इंग्रजी. तालुक्याच्या वकिलाने त्या दिवसाची तारीख सोडून, गाडीभाडे खर्चून तिथे जायचे, तर त्याच्या घरची चूल कशी पेटणार?

काही ज्येष्ठ म्हणतात, वकिली ही करून शिकायची विद्या आहे. आम्ही विचारतो, कोणावर करून? नवशिक्याच्या चुकीची फी विधवेने आणि भूमिहीनाने का भरायची? आणि ज्येष्ठाच्या हाताखाली शिकायचे म्हणता, तर ती हाताखालची जागा कोणाच्या मुलाला मिळते, हेही एकदा मोजा. विद्या दाराआड ठेवण्याची खोड या देशात जुनी आहे. आणखी काही म्हणतात, वारसाच्या कामात पैसा नाही. वकिलाने ते काम सोडले की ते तहसील कचेरीबाहेरच्या दलालाकडे जाते. दलाल छापील नमुना भरतो, बहिणींची नावे गाळतो, राखीपौर्णिमेला हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतो आणि 'काम झाले' म्हणतो. त्या कामातून पाच वर्षांनी जो दावा उभा राहतो, तो वीस वर्षे चालतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बार कौन्सिलने वकिलांसाठी सतत शिक्षणाचे तास सक्तीचे करावेत आणि त्यांत वारसाहक्क व विश्वस्त कायद्याला जागा द्यावी. वर्ग तालुक्याच्या ठिकाणी व्हावेत, मराठीत व्हावेत, सुट्टीच्या दिवशी व्हावेत आणि कनिष्ठ वकिलांकडून फी घेऊ नये. पुण्यातच बार्टी आहे, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर खर्च होतो तो व्हावाच, पण त्यातला थोडा भाग या वकिलांवर खर्च करावा. वतन जमीन, आदिवासी रूढी, वनहक्क, विहारांचे ट्रस्ट, स्त्रियांची मृत्युपत्रे या पाच विषयांची मराठी पुस्तिका काढावी आणि दरवर्षी नव्या निकालांसह सुधारावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीच्या यादीतल्या वकिलांना हे प्रशिक्षण आधी द्यावे, कारण आमचा माणूस त्यांच्याच दारात जातो.

सरकार करील तेव्हा करील. आमच्या वकील बांधव-भगिनींना आमचे सांगणे आहे की, महिन्यातला एक रविवार ठरवा. जुन्नरचे आणि घोडेगावचे एकत्र बसा. एकाने एक निकाल वाचून यायचा आणि इतरांना समजावून सांगायचा. बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि कायद्याचे प्राध्यापकही होते. शिकणे आणि शिकवणे त्यांनी कधी वेगळे केले नाही. प्रत्येक वकिलाने एक विहार दत्तक घ्यावे, त्याचा ट्रस्ट नोंदवावा, बदल अर्ज पुरे करावेत. फी नाममात्र घ्या, पण काम पक्के करा.

आणि बांधवांनो, तुमचेही काम आहे. येत्या महिन्यात आपल्या जमिनीचा सातबारा, आठ-अ आणि आजोबांपासूनचे सगळे फेरफार काढा. घरातल्या मयतांची नावे आणि तारखा एका वहीत लिहा. वारसांच्या यादीत बहिणी, विधवा आणि मुंबईला गेलेले भाऊ आहेत का ते तपासा. जिवंत सातबारा मोहिमेत तुमच्या घराची नोंद झाली असेल, तर ती कोणाकोणाच्या नावाने झाली ते वाचा. बँक आणि विम्याचे नॉमिनी पाहा. कुलमुखत्यारपत्रावर वकिलाने वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. विहार समितीच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, ही जागा कोणाच्या नावावर आहे?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातला पहिला शब्द शाळेपुरता नाही. काळा कोट घातल्यावरही तो लागू आहे. वतनाच्या गुलामीतून सुटण्यासाठी एका पिढीने आयुष्य झिजवले. त्या सुटकेतून मिळालेली दोन एकर जमीन आणि वर्गणीतून उभे राहिलेले विहार पुढच्या पिढीच्या नावावर लागेपर्यंत ते काम पुरे झाले, असे कोणी म्हणू नये.

जय भीम.